विषातून उमललेले रंग

दिवाळीत फुलबाजारात पाऊल टाकले की शेवंतीच्या रंगांनी डोळे निवतात. ‘हे इतके रंग येतात तरी कोठून?’ असे बागेची हौस असलेले स्नेही मला वरचेवर विचारतात. काही रंग निसर्गाचे देणे, काही संकराची करामत. पण फुलांचे रंग पालटण्याच्या एका युक्तीचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट रणांगणावर जाऊन पोचतो, असे मी सांगितले की ते चकित होतात.

१९१७ साली बेल्जममधील इप्र गावाजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा पहिला मारा केला. त्या वायूच्या जखमा महिनोन्महिने चिघळत. क्ष-किरणांच्या जखमाही तशाच चिवट! क्ष-किरणांनी आनुवंशिक गुण बदलतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवले होते. मग हा वायूही तेच करीत असेल काय?

या प्रश्नाचा छडा लावला शार्लट आउअरबाख या विदुषीने. ज्यू म्हणून १९३३ मध्ये जर्मनीत त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्या एडिंबरोला आल्या. तेथे १९४० मध्ये औषधशास्त्रज्ञ रॉब्सन यांच्यासह त्यांनी फळमाश्यांना या वायूची धुरी देण्यास आरंभ केला. हात पोळले, पण काम सुटले नाही. माश्यांच्या पुढल्या पिढ्यांत नवनवे बदल दिसू लागले. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हे संशोधन सविस्तर प्रसिद्ध व्हायला १९४६ साल उजाडले.

मस्टर्ड वायू काही बागेत आला नाही. पण रसायनांनी उत्परिवर्तन घडते ही वाट त्याने दाखवली. पुढे त्या वाटेने आलेले ‘इथाइल मिथेन सल्फोनेट’, अर्थात ईएमएस, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या विशेष मर्जीतले ठरले. त्याची करणी मोठी गमतीची. पोथीची नक्कल करणाऱ्याने एका अक्षरावर शाईचा ठिपका पडल्यामुळे ते दुसरेच समजून उतरवावे, तसे डीएनएमधील ‘जी’ हे अक्षर पेशीला ‘ए’सारखे भासते. चूक एकाच अक्षराची, पण ती पुढील प्रत्येक नकलेत उतरते.

आपला तेरडाच घ्या ना! बी भिजवून ईएमएसच्या सौम्य द्रावणात ठेवायचे, खूप धुवायचे आणि पेरायचे. कित्येक बिया रुजतच नाहीत. रुजतात त्यांतली बरीच रोपे खुरटी. बदललेला गुण बहुधा लपूनच राहतो. त्याच रोपांचे पराग त्यांनाच देऊन धरलेले बी पेरले, म्हणजे दुसऱ्या पिढीत एखादे आगळे फूल डोकावते. तेरड्याचा रंग तीन दिवस खरा. पण हा रंग बियांतून वंशाला मिळतो.

मात्र रसायनाला हवा तो रंग फर्मावता येत नाही. ते बहुधा असलेले मोडते. रंगद्रव्याच्या साखळीतली कडी तुटली की लाल फूल फिके किंवा पांढरे होते. गुलाबात निळाईला लागणारे वितंचकच नाही. म्हणून निळ्या गुलाबासाठी सनटोरी या जपानी कंपनीला परक्या फुलाचे जनुक आणावे लागले. २००९ मध्ये तो गुलाब बाजारात आला, तोही जांभळटच!

हे ऐकून कोणी स्नेही विचारतात, ‘मग गच्चीवर करून पाहू का?’ मी साफ नाही म्हणतो. जे रसायन बियांतली अक्षरे बदलते, ते आपल्या पेशींतलीही बदलू शकते. त्यापासून कर्करोगाचे भय आहे. हातमोजे, वाफा ओढून घेणारी पेटी आणि उरलेले द्रावण निकामी करण्याची व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेतच त्याला हात लावावा.

हौशी माळ्याला निसर्गच संधी देतो. शेवंतीच्या झुडपावर कधी एकाच फांदीला वेगळ्या रंगाचे फूल येते. असे दिसले तर त्या फांदीवर खुणेचा दोरा बांधा आणि हंगाम सरला की तिचीच छाटकलमे लावा. पुढल्या वर्षी तोच रंग आला, तर एक नवी शेवंती तुमच्या घरची झाली!