उसना गळा

हिंगोलीचा दसरा काय प्रकरण असते, ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगून पटायचे नाही. त्या दिवसांत रामलीला मैदानावर सारा जिल्हा लोटतो आणि गावात गल्लोगल्ली कार्यक्रम होतात. मराठीचा प्राध्यापक म्हणजे बिनमानधनाचा परीक्षक, या न्यायाने गेल्या वर्षी एका मंडळाच्या गायनस्पर्धेत मी बसलो होतो.

आमच्या आळीतला एक मुलगा गायला उभा राहिला. सातव्या वर्षापासून औंढा, वसमत, कळमनुरी, कुठलेच व्यासपीठ त्याने सोडलेले नव्हते. एकदा सूत्रसंचालनाच्या भरात मीच त्याला ‘हिंगोलीचा गंधर्व’ म्हणून मोकळा झालो होतो, आणि ती पदवी पुढे पत्रिकांवर छापून येऊ लागली होती. त्या रात्री वरचा षड्ज लावताना त्याचा आवाज फाटला. मागची पोरे हसली. तेराव्या वर्षी आवाज फुटायचाच, पण ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील घरी आले. “सर, ज्येष्ठमध झाला, काढे झाले. दुसरं काही औषध?”

औषध माझ्यापाशी कुठले? मी त्यांना कुमार गंधर्वांची हकीकत सांगत बसलो. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा १९२४चा जन्म. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हे पोर त्या हुबेहूब गाऊन दाखवी. सातव्या वर्षी एका स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली, मग गावोगाव जलसे झाले. अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि जाणती माणसे थक्क झाली. पण पुढे त्याने प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात रीतसर शिकायला सुरुवात केली. नक्कल सोडून स्वतःचे गाणे शोधायचे, हे ज्याला डोक्यावर घेतले गेले आहे त्या पोराला किती जड गेले असेल! नाव झाले, आणि १९४७च्या सुमारास क्षयाने गाठले. देवासला पाच-सहा वर्षे गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा नवे होते, त्याने जीव वाचला. फुप्फुस मात्र एकच धड राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. १९५३मध्ये ते पुन्हा गायला बसले, ते लहानपणचा गळा घेऊन नव्हे.

(पंजाबातल्या मास्टर मदनची गोष्ट मी मुद्दामच टाळली. तो १९४२मध्ये चौदाव्या वर्षी गेला. मागे उरली आठ गाणी.)

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “त्यांना देवधर मास्तर भेटले, सर. आम्हांला भेटलात तुम्ही.”

लगेच त्यांची जीभ अडखळली. “तसं नव्हे हो,” म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. हिने आतून आणखी साखर हवी का विचारले.

यंदाच्या पत्रिकेवर मुलाचे नाव नाही. संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना पेटीचा सूर ऐकू येतो. खालच्या पट्टीत तो एकटाच काहीतरी घोटत असतो. मी थांबलो की खिडकी लावून घेतो.