पाऊल, कंबर आणि तोल

मालवणास चिवल्याच्या पुळणीवर रापण ओढली जात असतां पाहणाऱ्याची दृष्टि बहुधा दोरावर आणि हातांवर खिळते. समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेल्या त्या लांबच लांब जाळ्याचे दोन दोर धरून माणसांच्या दोन रांगा तें किनाऱ्याकडे आणीत असतात. पण नजर जरा खालीं वळविली, म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. टाचा वाळूंत रुतलेल्या, गुडघे किंचित् वांकलेले, कंबर खालीं सोडलेली आणि सगळें अंग मागें झुकलेलें. हातांचें काम आंकड्याचें. जाळें ओढतात तीं पावलें आणि कंबर. नवशिका तेवढा दंडाच्या जोरावर ओढूं पाहतो, आणि घटकाभरांत दमून बाजूला होतो.

माणसाला उचलून पाडण्याची विद्याही याच पायावर उभी आहे. ज्यूदोच्या वर्गास जाणारा मुलगा घरीं येऊन एखादी फेंक करून दाखवूं लागला, म्हणजे घरच्या माणसांना त्याच्या हातांची ओढ दिसते. त्याचीं पावलें कोठें पडलीं, हें कोणी पाहत नाहीं. फेंक साधते किंवा फसते ती मात्र तेथेंच. आणि गुडघा दुखावतो तोही तेथेंच.

जपानांत जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं तोकियो येथें कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोची घडी बसविली. फेंकेचे त्यांनीं तीन भाग मानले: प्रतिपक्ष्याचा तोल मोडणें, आपलें अंग योग्य जागीं बसविणें, आणि मग फेंकणें. शिकाऊ पोरें पहिले दोन भाग गाळून एकदम तिसऱ्यावर उडी घेतात.

उभ्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित् खालीं असतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसांत तो जमिनीपासून सुमारें ९० सेंटिमीटरांवर येतो. या बिंदूपासून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांनीं व्यापलेल्या जागेंत पडतो तोंवर माणूस उभा राहतो. म्हणून फेंकणारा प्रथम प्रतिपक्ष्याला पुढें आणि वर असें ओढून त्याचा भार चवड्यांवर आणतो. त्याच्या टाचा हलक्या झाल्या, कीं अंगावरचें अर्धें ओझें कमी झालें असें समजावें.

आतां पावलें. ज्यूदोंत ओगोशी नांवाची कमरेवरून टाकण्याची फेंक आहे. प्रारंभीं शिकविल्या जाणाऱ्या फेंकांपैकीं ती एक. उजव्या हाताच्या माणसानें उजवें पाऊल प्रतिपक्ष्याच्या उजव्या पावलाच्या आंतल्या बाजूस टेंकावें, त्या पावलाच्या चवड्यावर वळावें, आणि डावें पाऊल मागून आणून प्रतिपक्ष्याच्या डाव्या पावलाच्या आंत ठेवावें. वळणें पुरें झालें, म्हणजे दोघांचींही बोटें एकाच दिशेस वळलेलीं असतात आणि फेंकणाऱ्याचीं दोन्ही पावलें दुसऱ्याच्या दोन पावलांच्या आंत येतात. त्यांतील अंतर खांद्यांच्या रुंदीहून थोडें कमी असावें. पाय फार फांकले, तर कंबर फिरत नाहीं. फार जुळले, तर स्वतःचाच तोल जातो.

कंबर कोठें बसावी, हें गुडघे ठरवितात. गुडघे इतके वांकावेत, कीं आपला कमरपट्टा दुसऱ्याच्या पट्ट्याखालीं जावा. उजवा खुबा त्याच्या उजव्या बाजूबाहेर किंचित् डोकावला, म्हणजे कंबर पुरेशी आंत गेली. दोघांच्या अंगांत फट राहतां कामा नये. मग गुडघे सरळ करावयाचे, डाव्या हातानें बाही ओढावयाची आणि मान डावीकडे वळवावयाची, एवढेंच काम उरतें. ज्याला येथेंही झटका मारावा लागतो, त्याचें कांहींतरी आधींच चुकलेलें असतें.

चुकतें तें बहुधा असें. पावलें दूर पडतात. मग मधली फट भरून काढण्यासाठीं मुलगा कमरेंतून वांकतो आणि जोडीदाराचा सारा भार पाठीच्या कण्यावर घेतो. दुसरी चूक अधिक वाईट. टाच जमिनीस चिकटलेली ठेवून वरचें अंग फिरविलें, म्हणजे मांडी फिरते, नडगी जागची हलत नाहीं, आणि पीळ गुडघ्याच्या बंधांस बसतो. कोरड्या वाळूंत पाऊल रुतून बसतें, म्हणून पुळणीवर कुस्तीची मौज करणाऱ्या पोरांनीं वळून मारावयाचे डाव तेथें करूं नयेत. पडण्यास मऊ असलेली जागा वळण्यासही चांगली असते, हा भ्रम आहे.

घाट चढून कोल्हापुरास गेलें, म्हणजे हीच विद्या तांबड्या मातींत निराळ्या नांवानें भेटते. ढाक या डावांत एका हातानें प्रतिपक्ष्याची मान कवेंत घेऊन, दुसऱ्यानें त्याचा दंड ओढून, त्याला कमरेवरून आदळावयाचें असतें. ज्यूदोंत धरण्यास अंगरखा असतो. मल्लाच्या अंगावर लंगोटाशिवाय कांहीं नसतें. त्यामुळें ढाकेंत छाती आणि खुबा अधिकच चिकटून बसावे लागतात. शिवाय मान हातांत असल्यानें कंबर बसण्यापूर्वींच ओढ दिली, तर सगळा ताण जोडीदाराच्या मानेवर जातो. जाणता वस्ताद नवख्याला ढाक लवकर देत नाहीं, तो उगीच नव्हे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकलेले खाशाबा जाधव यांचा ढाक हा हातखंडा डाव. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं ५७ किलो वजनगटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचें सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळालें, आणि जाधवांचीही त्यांच्याशीं गांठ पडून तींत जाधव हरले. हे इशी मूळचे ज्यूदोपटु. महायुद्धानंतर जपानांत ज्यूदोवर बंदी आल्यामुळें ते कुस्तीकडे वळले होते. तांबड्या मातींतली कंबर आणि ज्यूदोच्या चटईवरची कंबर अशा रीतीनें एकाच गादीवर समोरासमोर आल्या.

जपानी आखाड्यांत न फेंकतां नुसतें आंत शिरण्याचा सराव पुनःपुन्हां करवितात. त्याला उचिकोमी म्हणतात. मालवणच्या किनाऱ्यावर या सरावाला एक फुकटची पाटी उपलब्ध आहे. ओहोटीनें मोकळ्या झालेल्या ओल्या, घट्ट वाळूवर दोघांनीं अनवाणी उभें राहावें. एकानें अगदीं सावकाश, पाऊल उचलून उचलून आंत शिरावें, फेंकूं मात्र नये. कारण ही वाळू पडणाऱ्याला दगडासारखी लागते. मग दोघांनींही अलगद बाजूला होऊन उमटलेले ठसे पाहावेत. आंतली जोडी बाहेरच्या जोडीच्या मधोमध आहे कीं एका बाजूस कललेली, बोटें एका दिशेस आहेत कीं तिरपीं, टाच खोल रुतली कीं चवडा, हें सगळें तेथें उमटलेलें असतें. ठसे चुकले असतील, तर पुढची लाट येण्याची वाट पाहावी आणि पुन्हां उभें राहावें.