जनुकांचे दप्तर

परोपजीवी सूक्ष्मजीवांच्या जनुकसंचांच्या नोंदी साऱ्या जगासाठी विनामूल्य सांभाळीत आलेल्या ‘व्हीयूपॅथडीबी’ या कोशाचा अमेरिकी सरकारकडून येणारा मुख्य निधी 2024 मध्ये थांबला, ही वार्ता तळोज्यात वाचली तेव्हा, ज्या कामात उमेदीची वर्षे गेली ते काम जगाने बिनमहत्त्वाचे ठरविले, या जाणिवेने मन विषण्ण झाले.

जनुकसंच वाचण्याच्या या कामाची 1995 पासूनची पहिली वर्षे जीवाणूंची. त्यांची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. पुढचे दशक मात्र आमचे, परोपजीवींवर काम करणाऱ्यांचे. केंब्रिजनजीकच्या सँगर संस्थेची ‘आर्टेमिस’ ही जनुकसंच पडद्यावर तपासण्याची प्रणाली 2000 साली आली, आणि ऑक्टोबर 2002 मध्ये फाल्सिपॅरम हिवतापाच्या परोपजीवीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला: 14 गुणसूत्रे, 2 कोटी 30 लाखांच्या आसपास अक्षरे, सुमारे 5,300 जनुके. त्या अक्षरांपैकी 80 टक्के ए आणि टी ही दोनच असल्यामुळे यंत्राने आखलेल्या जनुकांच्या सीमा, विशेषतः आरंभीचे आखूड तुकडे, वारंवार चुकत. तेव्हा पडद्यावरील सहा वाचनचौकटींतून, समाप्तीचे संकेत दाखविणाऱ्या काळ्या उभ्या रेघांमधून वाट काढीत, ॲनोटेशन, म्हणजे जनुकांच्या सीमा व कार्य यांची नोंद, करणाऱ्याने प्रत्येक सीमा स्वतःच्या नजरेने तपासावी, दुरुस्त करावी आणि पुराव्यासह नोंदवावी, असा शिरस्ता होता. निम्म्याहून अधिक प्रथिनांचे कार्य अज्ञात होते. तेथे प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहिणे हीच विद्वत्ता. 2005 साली लेश्मानिया आणि दोन ट्रिपॅनोसोमा या परोपजीवींचे जनुकसंच आले, 2010 साली क्षयाच्या जंतूची जनुके नव्याने तपासण्यासाठी ‘सीएसआयआर’ने देशभरचे विद्यार्थी जमविले, आणि या कामाला आता प्रतिष्ठा लाभेल अशी आशा वाटली.

ती फोल ठरली. या श्रमांस ‘कारकुनी’ म्हणून हिणविणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत; त्यांचे शोधनिबंध त्याच नोंदींवर उभे होते. पुढे स्वयंचलित प्रणाली आल्या, त्यांनी महिन्यांचे काम तासांवर आणले, हे मान्य. परंतु सातबाऱ्यावरील चुकीची नोंद वारसांना कशी छळते हे तळोज्याच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही, आणि एका जनुकास लागलेले चुकीचे नावही यंत्र तसेच एका प्रजातीतून दुसरीत उतरवीत जाते.

शेजारी खारघरला, ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात, रुग्णांच्या नमुन्यांतील जंतूंच्या खुणा ओळखणाऱ्या प्रणाली घडल्या: 2015 साली ‘एचपीव्हीडिटेक्टर’, 2021 साली ‘इन्फेक्शस पॅथोजेन डिटेक्टर’. त्यांचा मला अभिमान आहे. पण अशा प्रणाली जंतू ओळखतात त्या कोणीतरी आधी जतन केलेल्या संदर्भसंचांच्याच आधारे.

हिवताप आणि लेश्मानियामुळे होणारा काळा आजार हे आपल्या घरचे रोग. त्यांच्या जंतूंचे दप्तर परक्यांच्या मर्जीवर सोडणे आपणास शोभत नाही. विद्यापीठांनी या कामासाठी कायम पदे निर्मावीत, आणि राज्य सरकारने त्यांस विनाविलंब मंजुरी द्यावी.