बढतीची वाट पाहावी की वाट काढावी?

आपल्याकडे नोकरी लागली की माणूस मार्गी लागला असे समजले जाते. पुढचे काम ज्येष्ठतायादी करते आणि नोकरदार आपला क्रमांक येण्याची वाट पाहत राहतो. आपली प्रगती आपणच साधावी, असा उपदेश त्याला अलीकडे वारंवार केला जातो. उपदेश वाजवी आहे. परंतु आपण कोठे उभे आहोत हेच ज्याला सांगितले जात नाही, त्याने पाऊल कोणत्या दिशेने टाकावे?

‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ हा खटला या संदर्भात उद्बोधक आहे. सीमा रस्ते सेवेतील या कार्यकारी अभियंत्याच्या बढतीसाठी पाच वर्षांचे ‘खूप चांगला’ असे शेरे आवश्यक होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ एवढेच लिहिले गेले. प्रतिकूल शेरा तेवढा कळवावा, असा दंडक असल्यामुळे हा शेरा त्याला कळविलाच गेला नाही. स्तुतीच्या एका शब्दाने बढती अडली आणि ज्याची अडली तो अंधारात राहिला! शेरा बरा असो वा वाईट, तो कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी दिला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण वार्षिक अहवाल कर्मचाऱ्यास दाखविण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला.

हक्क मिळाला, तरी तेवढ्याने भागत नाही. अहवाल हाती ठेवून वरिष्ठ मोकळे झाले, तर तो केवळ एक कागद ठरतो. काय उणे आहे आणि ते कसे भरून काढावे, हे समोर बसून बोलले गेले तरच त्याला अर्थ आहे.

शिक्षणाच्या सोयी आज नाहीत असे नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ने सरकारी सेवकांसाठी संगणकीय पाठही उपलब्ध केले. परंतु टेबलावर फायलींचा ढीग ठेवून अभ्यास मात्र घरी जाऊन करा, असे म्हणणे म्हणजे शिक्षणाचा सारा भार कर्मचाऱ्यावरच टाकणे होय. शिवाय शिकून आलेल्या कारकुनाला पुन्हा त्याच जावक नोंदवहीपुढे बसविले, तर शेजारचा कशाला शिकेल?

म्हणून उपदेश करणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी द्याव्यात : कामाचे स्पष्ट मूल्यमापन, कचेरीच्या वेळातील शिक्षण आणि शिकलेले वापरण्याची संधी. एवढे मिळूनही जो हलणार नाही, त्याला दोष अवश्य द्यावा. त्यापूर्वी तो देण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.