चार कुंड्या, कायद्यात बसणाऱ्या

ओंटारियोतल्या आमच्या गल्लीत टोमॅटो, मिरची आणि गांजा एकाच मुहूर्तावर घराबाहेर येतात. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुमाराला रात्री दंव गोठायची भीती सरते, तेव्हा.

दचकू नका. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांना गांजा कायद्यानं चालतो आणि घरामागे चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरामागे. क्यूबेकनं मात्र घरच्या लागवडीवर बंदी ठेवली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. भारतात 1985च्या अंमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय एक रोप लावणंही गुन्हा आहे, तेव्हा पुण्याच्या गच्चीवर हा उद्योग नको.

मी स्वतः ओढत नाही. पण नाशिकला वडिलांची रोपवाटिका होती, तिथं मी वाढले. म्हणून शेजारी रोपांची कुंडी बदलताना मलाच हाक मारतो. त्याला घाई फार. पेल्याएवढ्या रोपाला थेट वीस लिटरची कुंडी हवी! मुळं मूठभर आणि ओली माती घमेलंभर असली की पाणी पिणार कोण? माती दिवसेंदिवस गच्च राहते, मुळं कुजतात, आणि पानं माना टाकतात म्हणून हा आणखी पाणी घालतो. मधे चारेक लिटरची एक कुंडी घ्यावीच.

कुंडी बदलायची वेळ मुळं सांगतात. तळाच्या भोकातून पांढरी टोकं डोकावू लागली की काही तास आधी थोडं पाणी द्यायचं, खोड दोन बोटांत धरून कुंडी तळहातावर उलटी करायची. खोड ओढायचं नाही. मातीचा गोळा अखंड निघाला तर ठीक, भुगा पडत असेल तर आठवडाभर थांबा. खिडकीतलं रोप उजेडाच्या ओढीनं लांबुडकं झालेलं असतं. ते टोमॅटोसारखंच खालच्या पानांपर्यंत मातीत बसवलं तरी चालतं. मग भरपूर पाणी, दोन दिवस सावली, आणि पुढं ऊन रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात.

त्यानंतर कुंडी उचलून बघायची सवय लावावी. हलकी लागली तरच पाणी. कापडी कुंडीत मुळं कडेला पोचली की हवेनं सुकतात आणि आतून नवी फुटतात, गोल गोल गुंडाळत नाहीत. मात्र जुलैत ती रोज पाणी मागते.

आमच्याकडच्या शेवंतीसारखंच हे झाडही रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येतं. इथं साधारण ऑगस्टात. रस्त्याचा दिवा अंगावर पडला तर त्याचा हिशेब चुकतो. नर आणि मादी झाडं वेगळी. नर वेळीच उपटला नाही तर मादीच्या फुलांत बी भरतं.

सप्टेंबरच्या पावसात दाट फुलांमध्ये करडी बुरशी शिरते. द्राक्षाच्या घडांत शिरते तीच ही बोट्रायटिस, माझी लहानपणापासूनची ओळखीची. कुंडीतल्या झाडाचा खरा फायदा इथं दिसतो: पाऊस लागला की ते उचलून छपराखाली नेता येतं. शेजाऱ्याची चारही झाडं मग कुलूपबंद शेडमध्ये जातात, कारण त्याच्या घरात लहान मूल आहे.