घरचा टाको : पीठ, राजमा आणि हिशेब

टाको म्हणजे मेक्सिकोच्या रस्त्यावरचा जणू वडापावच. मक्याची लहान मऊ पोळी, तिच्यात सारण, वरून चटणी आणि लिंबू. मुलांना तो आवडतो, पण बाजारातला तयार संच महाग पडतो. भाकरीची सवय असलेल्या हाताला टाको मुळीच अवघड नाही. मात्र पीठ आणि राजमा यांची नीट माहिती हवी.

पीठ : येथे सर्वत्र मिळणारे साधे ‘माइसमेल’ चालत नाही. गरम पाण्यात मळून त्याची भाकरी होते, पण घडी घातली की मोडते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होते, कॅल्शियम वाढते आणि मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका घेतला, पण ही रीत घेतली नाही. 18व्या व 19व्या शतकांत उत्तर इटलीतील मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला, तो नियासिनच्या अभावामुळे. तेव्हा पाकिटावर ‘मासा हारिना’ हे नाव पाहूनच पीठ घ्यावे.

कृती : दोन वाट्या पीठ, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे दीड वाटी कोमट पाणी घेऊन मळावे. ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवावे. लिंबाएवढे गोळे प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून जड पातेल्याने दाबावेत. तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजू एकेक मिनिट भाजावी. तेल लागत नाही. टोमॅटो, कांदा व हिरवी मिरची तव्यावरच भाजून ठेचली की चटणी तयार.

राजमा : येथे हयगय नको. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व जुलाब होण्यास पुरेसे ठरतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा, किंवा प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीही टाकू नये. तेथे पाणी पुरेसे तापत नाही आणि विष तसेच राहते. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो.

हिशेब : 400 ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर साधारण 250 ग्रॅम राजमा उरतो. हा आकडा डब्यावर ‘आबट्रॉप्फगेविख्ट’ म्हणून छापलेला असतो. अर्धा किलो कोरडा राजमा शिजून सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे पाच डब्यांइतका होतो. फळीवरच्या चिठ्ठीवर ‘ग्रुंडप्राइस’, म्हणजे किलोचा भाव, लिहिलेला असतो. तुलना त्याचीच करावी, पाकिटाच्या किमतीची नव्हे. लुडविग्सहाफेनकरांनी कोथिंबीर, मिरची व कडधान्यांसाठी हेम्सहोफमधील तुर्की दुकानांत चौकशी करावी.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक पाहावे. घोटलेल्या राजम्याच्या तयार डब्यात कधी कधी डुकराची चरबी असते. घटकांच्या यादीत ‘श्वाइनेश्माल्त्स’ हा शब्द दिसला, तर डबा परत फळीवर ठेवावा. घरी तोच राजमा चमचाभर तेलात कांदा-लसणावर परतून घोटला की सारण तयार होते, आणि त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते.