लेकीच्या नावाचे झाड

यंदा माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. सव्वा महिना होताच सारे कुटुंब बारशासाठी डोंबिवलीहून फोंडाघाटला आले. मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. पाळण्याचा समारंभ आटोपल्यावर आमच्या आईने विषय काढला की, नातीच्या नावाने एक झाड लावायचे आहे, आणि ते आजच ठरवा. वरकरणी हा प्रश्न अगदी साधा. परंतु रात्री जेवणे होईपर्यंत घरात तीन पक्ष पडले होते, आणि निवाडा करण्याचे काम, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो या एकाच अपराधाबद्दल, माझ्याकडे आले.

आईचे मत माडाचे. मूल जन्मले की माड लावावा, ही किनारपट्टीची जुनी रीत. माडाला सहा-सात वर्षांनी फळ धरते, म्हणजे मूल शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास त्याचा माडही कमावता होतो. शेजारच्या भाऊबंदांनी पंचांग उघडले. सत्तावीस नक्षत्रांचे सत्तावीस आराध्यवृक्ष त्यात दिलेले असतात : रोहिणीला जांभूळ, पुष्याला पिंपळ, मघाला वड, उत्तराषाढाला फणस. आमच्या कन्येचे नक्षत्र निघाले अश्विनी, आणि अश्विनीचा वृक्ष कुचला, म्हणजेच आपला काजरा. त्याच्या बियांत जहाल विष असते हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक आहे. आईने पंचांग मिटून ठेवले. “चेडवाच्या नावान काजरो लावतत काय?” एवढ्या एका वाक्यात ज्योतिषाचा पक्ष निकालात निघाला. वास्तविक ही यादी वाईट नाही. कोणी काजरा, पळस, सावर, रुई यांची जपणूक करावी यासाठी तिच्याइतकी युक्ती दुसऱ्या कोणाला सुचलेली नाही. पण ती आखणाऱ्यांनी रेवतीला दिलेला मोह कोकणच्या परसात किती सुखाने वाढेल याचा विचार केला असेल असे वाटत नाही.

तिसरा पक्ष भावाचा, आणि तो सागाचा. “दादा, तू अर्थशास्त्राचा. वीस वर्षांनी कुठल्या झाडाचे पैसे जास्त होतील ते सांग,” असा त्याचा सरळ प्रश्न. त्याच्याजवळ सरकारी आधारही होता. राज्याच्या वनविभागाने २०१८ साली जाहीर केलेल्या कन्या वन समृद्धी योजनेत, मुलगी जन्मलेल्या शेतकरी कुटुंबाला दहा रोपे विनामूल्य द्यावयाची होती : पाच साग, दोन आंबे, आणि फणस, जांभूळ व चिंच प्रत्येकी एक. या झाडांच्या उत्पन्नातून मुलीचे भवितव्य घडावे, हा तीमागील विचार. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि दहांतली पाच रोपे सागाची असावीत, यात एक जुनी समजूत लपलेली आहे, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे.

ती समजूत अशी की, झाड म्हणजे मुदतीची ठेव. मुलगी जन्मली की लावावे आणि ती उपवर झाली की तोडावे. जपानातही पूर्वी हेच करीत. मुलगी झाली की किरी नावाचे झपाट्याने वाढणारे झाड लावत आणि लग्न ठरले की त्याच्या हलक्या लाकडाची कपड्यांची पेटी करून मुलीबरोबर सासरी पाठवत. तिथे हिशेब जुळे, कारण पंधरा-वीस वर्षांत किरी लाकडाला येते. सागाचे तसे नाही. वनखात्याच्या जंगलात साग साठ-साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक वाढू देतात, ते हौसेखातर नव्हे. कोवळ्या सागात पांढरा भागच जास्त. ज्याला भाव मिळतो ते पक्के लाकूड त्याच्या गाभ्यात सावकाश धरते. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या कंपन्यांनी ‘आज हजार गुंतवा, वीस वर्षांनी लाख घ्या’ अशा थाटाच्या जाहिराती केल्या होत्या, त्या चाळिशी उलटलेल्या वाचकांना आठवत असतील. किती नोकरदारांची पुंजी त्यांत बुडाली! १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले, त्यामागे हीच शिकवण होती.

बरे, झाड वाढले तरी ते मोडण्याची मुभा कोणाला? १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. आंबा, फणस, जांभूळ, चिंचही आहेत. म्हणजे योजनेतल्या पाचही जातींचे झाड, स्वतःच्या जमिनीतले असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण ज्या ठेवीची पावती आपल्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, तिला ठेव म्हणावे काय? याउलट दरसाल आठ टक्क्यांनी शंभर रुपयांचे एकवीस वर्षांत पाचशेच्या आसपास होतात. त्याला ना वाळवी लागते, ना वणवा. २०१५ पासून मुलींसाठी सुकन्या समृद्धी खाते आहे, ते टपाल कार्यालयातही उघडता येते. भावाला मी एवढेच सांगितले की, पैशासाठी पोस्टात जा. झाडाकडून पैसे मागू नकोस.

हे सांगण्याचा अधिकार मला पुस्तकांनी दिलेला नाही. आमच्या खळ्याच्या कडेला एक फणस होता. १९५५ साली आत्याच्या जन्मानंतर आजोबांनी तो लावला, म्हणून त्याला सारे ‘तिचा फणस’ म्हणत. आत्या लग्न होऊन देवगड तालुक्यात गेली. दर मे महिन्यात तिच्या फणसाची दोन मोठी फळे एसटीच्या टपावरून तिच्याकडे जात, आणि त्यात आपण फार मोठे कर्तव्य पार पाडतो असे घरातल्या सर्वांना वाटे. आजोबा गेल्यावर वर्षाच्या आत तिने हक्कसोडपत्रावर सही केली. भावांशी वाईटपणा नको म्हणून कोकणातल्या बहुसंख्य बहिणी करतात तशीच. २००१ साली मला पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायचे ठरले, आणि वडिलांनी रीतसर परवानगी काढून तो फणस लाकूडवाल्याला दिला. आलेल्या रकमेत माझ्या वसतिगृहाची दोन वर्षे निघाली.

त्या वर्षी गणपतीला आत्या आली. खळ्याच्या कडेला बुंधा तेवढा उरला होता. तिने विचारले, “किती इले?” वडिलांनी आकडा सांगितला. “बरा झाला. झिल शिकतलो,” असे म्हणून ती घरात गेली. त्या दिवशी मला त्यात काही खटकले नाही. पुढे अनेक वर्षे वर्गात ‘मालमत्तेचा हक्क’ हे प्रकरण शिकवीत असताना केव्हातरी ध्यानात आले की, आत्याच्या नावाचे म्हणून जे झाड होते ते एक दिवसही आत्याचे नव्हते.

कायद्याची भाषा याबाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, पंचविसाव्या कलमान्वये धारण जमिनीतील झाडांवरचा हक्क जमीन धारण करणाऱ्याकडे असतो. ज्याचा सातबारा त्याचे झाड. कोणी कोणाच्या नावाने लावले, बारशाच्या दिवशी कोणी पाणी घातले, याला तेथे स्थान नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात आत्याला वाटा होता, पण तो तिने सहीने सोडला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत सहदायाद केले ते त्या वेळी अविवाहित असलेल्यांपुरते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मतःच मिळतो असा निर्वाळा दिला. म्हणजे आज पाळण्यात असलेली आमची पुतणी वडिलार्जित जमिनीत तिच्या बापाइतकीच वाटेकरी आहे. प्रश्न आहे तो पंचवीस वर्षांनी कोणी तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवील की काय, हा. आमच्या सातबाऱ्यावर आजच एकोणीस नावे आहेत. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, दोन हयात नाहीत. अशा सामाईक जमिनीत सागाची पाच रोपे लावणे म्हणजे वीस वर्षांनी होणाऱ्या भांडणाची आजच पेरणी करणे होय.

या गुंत्यातून वाट काढलेले एक गाव मला ठाऊक आहे. राजस्थानातील राजसमंद जिल्ह्यातले पिपलांत्री. संगमरवराच्या खाणींनी उजाड झालेल्या या गावात श्यामसुंदर पालीवाल हे सरपंच असताना, स्वतःच्या मुलीच्या मृत्यूनंतर, त्यांनी प्रथा सुरू केली की, गावात मुलगी जन्मली की एकशे अकरा झाडे लावायची. वर्तमानपत्रांतून एवढेच गाजले. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. झाडे लागतात ती गावाच्या सामाईक भूमीवर आणि राखतो सारा गाव. वाळवी लागू नये म्हणून भोवती कोरफड लावतात, आणि तिच्यापासूनही चार पैसे मिळतात. मुलीसाठी मात्र गावकऱ्यांनी एकवीस हजार आणि बापाने दहा हजार घालून एकतीस हजारांची वेगळी ठेव होते, आणि कायद्याने ठरलेल्या वयाआधी तिचे लग्न करणार नाही असे आईबापांकडून लिहून घेतात. म्हणजे झाड गावाचे आणि पैसा मुलीचा. दोन्हींची गल्लत नाही. झाड तोडल्याने मुलीचे भले होईल अशी वेळच तिथे येत नाही.

पैशाचा प्रश्न असा बाजूला काढला की झाडाची निवड सोपी होते. मग विचारायचे ते एवढेच : पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार, आणि ते मुलाच्या हयातीत काय देणार? आमच्या घाटपायथ्याला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण डिसेंबरनंतर जमीन दगडासारखी होते. जुलैत छायाचित्रासह लावलेली रोपे मे महिन्यात दिसत नाहीत ती यामुळे. २०१७ साली चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी अशी लागवडीची उद्दिष्टे सरकारने जाहीर केली. उद्दिष्ट जगण्याचेही असते तर बरे झाले असते. भाताची कापणी झाली की गुरे मोकाट सुटतात, आणि अलीकडे दाजीपूरच्या जंगलातून गवे खाली उतरतात ते वेगळेच. म्हणून घराच्या दाराशी, सांडपाणी जाते त्या बाजूला जे झाड जगेल ते खरे.

या कसोटीवर आईचा माड जरा मागे पडला. तो उन्हाळ्यात वर्षानुवर्षे पाणी मागतो, आणि चढणारा माणूस आता शोधून मिळत नाही. काजू तीन-चार वर्षांत फळते, पण पंचवीस-तिशीत उताराला लागते. मुलगी उमेदीत यावी आणि तिचे झाड म्हातारे व्हावे, हे बरे दिसत नाही. रातांब्याची गंमत वेगळी : बीपासून केलेल्या रोपांत निम्मी-शिम्मी नर निघतात आणि ते फूल येईपर्यंत कळत नाही, तेव्हा लावायचा तर कलमच लावावे. हापूसच्या कलमाला फवारणीची निगा लागते, म्हणजे ते पुन्हा धंद्यात आले. उरला फणस. दोन उन्हाळे सांभाळला की पुढे कोणाकडे पाणी मागत नाही. सात-आठ वर्षांत फळ धरतो आणि मग माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ देत राहतो. कोवळ्याची भाजी, पिकल्याचे गरे आणि सांदणे, मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवलेल्या आठळ्या, शेळ्यांना पाला, उन्हाळाभर सावली. यातले काहीही घेण्यासाठी त्याला तोडावे लागत नाही. लाकूड उत्तम असते, हा मात्र त्याचा दोष, आणि आमच्या घराला तो भोवला आहे.

ज्यांना जमीनच नाही, आणि या पानाचे पुष्कळ वाचक तसेच असतील, त्यांनी खट्टू होऊ नये. डोंबिवलीच्या भावाच्या सज्जात कढीलिंबाची एक कुंडी आहे. तिच्या मुळांना फूट येते, ती वेगळी काढून दुसऱ्याला देता येते, आणि फोडणीत पाने रोज पडतात. मुलाच्या नावाने असे एखादे झुडूप वाढवण्यात काहीच कमीपणा नाही. युरोपातल्या स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतात मुलगा झाला की सफरचंद आणि मुलगी झाली की नासपती लावत. त्यांनीही शेवटी घरच्या परसात जे रुजते तेच निवडले होते. इमारतीच्या आवारात वड-पिंपळ लावण्याचा उत्साह मात्र आवरावा. त्यांची मुळे भिंतीत शिरली की संस्थेची पुढची कार्यकारिणी पहिला ठराव ते तोडण्याचाच करते.

आम्ही फणस लावला. फणसाचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही, म्हणून रोप न आणता जागेवरच आठळ्या टोचल्या. आठळीची उगवणशक्ती थोड्याच दिवसांत जाते, तेव्हा फळही ताजे हवे होते. ते आत्याने देवगडहून धाडले. हल्ली फणस उलट्या दिशेने येतात. न्हाणीच्या मागे, गडग्याच्या आतल्या बाजूला, जिथली जमीन भाऊ आणि मी दोघांच्या वाटणीला निर्विवाद आहे तिथे, एका आळ्यात तीन आठळ्या घातल्या. त्याच आठवड्यात भावाने पुतणीचे खाते उघडले, आणि मी तलाठ्याकडे मयत वाटेकऱ्यांच्या वारसनोंदीचा अर्ज दिला, जो आमच्या घराण्यात कित्येक वर्षे कोणी दिला नव्हता.

तीनपैकी दोन उगवल्या आहेत. आईने भोवती काट्यांची वई केली आहे. दोन्हींतला जोमदार ठेवायचा. पण तो कापा निघतो की बरका, हे आठ वर्षांनी कळेल.